गैरहजेरीतील वर्षे : परदेशातून घरी जाणाऱ्यांचे आणि घरी राहिलेल्यांचे प्रश्न

बरीच वर्षे परदेशात काढून घरी जाणाऱ्यांची पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. त्यांपैकी एक पत्र खरे तर जाणाऱ्याचे नसून घरीच राहिलेल्या एका बहिणीचे आहे, आणि ते मी मुद्दाम पहिल्या पत्राच्या लगेच पाठोपाठ घेतले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे व ठिकाणे वगळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी १४ वर्षांनी घरी चाललो आहे. सुरुवातीला माझी कागदपत्रे पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे देश सोडला असता तर परत येता आले नसते. पुढे नोकरी, मुले आणि खरे सांगायचे तर संकोच, यांमुळे जाणे लांबत गेले. मधल्या काळात वडील वारले आणि मी त्यांच्या अंत्यविधीला पोहोचू शकलो नाही. आता तीन आठवड्यांची रजा मिळाली आहे. आई, दोन भाऊ, नातेवाईक आणि जुने मित्र मिळून साठेक जणांना भेटायचे आहे, त्याची दिवसवार यादीही मी केली आहे. परंतु जाण्याचा दिवस जवळ येऊ लागला तशी मला आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटू लागली आहे. हे विचित्र आहे का? मी कशी तयारी करावी?

भीती वाटणे मुळीच विचित्र नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२४ साली आपल्या देशाबाहेर राहणाऱ्या माणसांची संख्या ३० कोटी ४० लाख होती, आणि त्यांतील अनेकांना घरी निघण्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हे मला या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून आणि स्वतःच्या अनुभवावरूनही ठाऊक आहे.

घराच्या ओढीला वैद्यकाने एकेकाळी आजार मानले होते. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला आणि त्यावरचा उपाय म्हणून रुग्णाला घरी पाठवावे असे सांगितले. घरी पोहोचलो की सारे आपोआप बरे होते, ही समजूत आजही आपल्या मनात तशीच असते, आणि म्हणूनच परक्या देशात जाताना महिनोन्‌महिने तयारी करणारी माणसे घरी जाताना मनाची काहीच तयारी करत नाहीत. नॉर्वेतील समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून असे मांडले, की परक्या देशात माणसाची मनःस्थिती प्रथम उंचावते, मग खालावते आणि हळूहळू सावरते. जॉन आणि जीन गलाहॉर्न या दांपत्याने १९६३ साली त्यात महत्त्वाची भर घातली, ती अशी की स्वदेशी परतल्यावर हाच चढउतार दुसऱ्यांदा अनुभवाला येतो. प्रत्येकाच्या बाबतीत असेच घडते असे नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसून आले. तरीही परतीचा हा दुसरा उतार माणसाला अधिक लागतो, याचे कारण मला पटण्यासारखे वाटते. परक्या ठिकाणी सगळे वेगळे असणार हे आपण गृहीत धरलेले असते. घरी मात्र काहीच वेगळे नसेल असे धरून आपण जातो, आणि मग उंबरठ्याच्या आत दिसलेला प्रत्येक लहानसा बदलसुद्धा टोचतो.

आल्फ्रेड श्युत्झ हे व्हिएन्नात जन्मलेले आणि १९३९ साली अमेरिकेत स्थलांतरित झालेले तत्त्वचिंतक. दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, त्यांनी घरी परतणाऱ्या सैनिकांना नजरेसमोर ठेवून घरी येणाऱ्या माणसाविषयी एक निबंध लिहिला. त्यातील मुख्य विचार असा, की निरोपाच्या क्षणी दोन्ही बाजूंनी एकमेकांचे चित्र मनात जपले जाते आणि दोन्ही बाजूंचे लोक त्या चित्रालाच भेटायला जातात, प्रत्यक्षात मात्र येणारा बदललेला असतो आणि घरही बदललेले असते. तुम्ही म्हणाल की हल्ली रोज व्हिडिओ कॉल होतो, मग चित्र जुने कसे राहील? माझा अनुभव असा आहे की या कॉलमुळे फसगत अधिक होते. पडद्यावर तुम्हांला आईचा चेहरा दिसतो, तोही बसलेल्या स्थितीतला, बोलण्यासाठी आवरून तयार झालेला. ती जिना कसा चढते, खुर्चीतून उठताना कशाचा आधार घेते, रात्री किती वेळा जागी होते, हे त्या अर्ध्या तासात कधीच दिसत नाही. तिलाही तुमचे खांदे वाकलेले दिसत नाहीत. तेव्हा पहिल्या दिवशी एकमेकांना पाहून दोघांनाही धक्का बसेल हे आत्ताच जाणून घ्या, आणि तो चेहऱ्यावर दिसला तर वाईट वाटून घेऊ नका.

आता तुमच्या यादीविषयी. ती फाडून टाका असे मी म्हणणार नाही, कारण ती तुम्ही प्रेमाने केली आहे, परंतु ती निम्म्याहून कमी करा. साठ जणांना प्रत्येकी तासभर भेटलात तर तीन आठवड्यांत तुम्ही तेच तेच वृत्तांत साठ वेळा सांगाल आणि कोणाचेही काही ऐकलेले नसेल. पहिले तीन दिवस आईखेरीज कोणासाठीही राखू नका. ज्यांना केवळ शिष्टाचारापोटी भेटायचे आहे त्यांना एखाद्या दुपारी एकत्र बोलवा. उरलेल्या दिवसांपैकी निदान काही दिवस पूर्ण मोकळे ठेवा आणि त्या दिवशी भाऊ जी कामे करतो त्या कामांना त्याच्याबरोबर जा, मग ती कितीही कंटाळवाणी असोत. चौदा वर्षांचा दुरावा समारंभाच्या भेटीत भरून निघत नाही. रांगेत शेजारी उभे असताना, सामान वाहून आणताना किंवा काहीतरी दुरुस्त होण्याची वाट पाहताना माणसे ज्या गोष्टी सहज बोलून जातात, त्या समोरासमोर खुर्च्या मांडून बोलल्या जात नाहीत.

तुमच्या पत्रातील सर्वांत जड वाक्य वडिलांविषयीचे आहे. तुम्ही घरात पाऊल टाकाल त्या क्षणी त्यांची रिकामी जागा तुम्हांला प्रथमच प्रत्यक्ष दिसेल, आणि इतक्या वर्षांचे राहिलेले दुःख त्या दिवशी नव्याने सुरू होईल. तुमच्या भावांचे दुःख मात्र तोवर कित्येक वर्षे जुने झालेले असेल. त्यांनी त्या जागेभोवती घराची मांडणी बदलली असेल, त्यांच्या वस्तू देऊन टाकल्या असतील, त्यांची खोली दुसऱ्या कोणाला दिली असेल. तुम्ही रडाल आणि ते रडणार नाहीत. यावरून त्यांना काही वाटत नाही असा अर्थ काढू नका. याच एका गैरसमजातून भावाभावांत कायमचे अंतर पडल्याचे मी पाहिले आहे. वडिलांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ कोण होते ते विचारा, त्या व्यक्तीबरोबर एकटे बसा आणि सर्व काही पहिल्यापासून सांगण्याची विनंती करा. मध्ये ‘मी तेव्हा येऊ शकलो नाही, कारण’ असे वाक्य सुरू करू नका. ते कारण त्यांना माहीत आहे. त्या दिवसांत काय घडले हे ऐकून घेणारा घरातला माणूस त्यांनाही कदाचित आजवर मिळालेला नसेल, कारण बाकी सगळे तिथेच होते.

तुमच्या तयारीविषयी मला एवढेच सांगायचे आहे की परदेशातील तुमच्या वर्षांची हकीकत, छायाचित्रे आणि भेटवस्तू जरूर न्या, पण त्याआधी आईसाठी आणि प्रत्येक भावासाठी चार-पाच प्रश्न लिहून काढा, आणि ते सगळे तुमच्या गैरहजेरीतील वर्षांबद्दलचे असू द्या. लहानपणच्या आठवणी सर्वांच्या सारख्याच असतात आणि त्या पहिल्या दोन संध्याकाळीच संपतात. तुम्ही नसताना त्या घरात जी चौदा वर्षे जगली गेली, ती तुम्हांला ठाऊक नाहीत, आणि ती कोणी विचारावीत अशी घरच्यांची इच्छा असते.

प्रश्न : माझा थोरला भाऊ परदेशात असतो आणि तीन-चार वर्षांतून एकदा येतो. आल्यापासून दोन दिवसांत आईची औषधे, तिचे डॉक्टर, घराची दुरुस्ती या सर्वांवर त्याची मते सुरू होतात. आई त्याच्यासमोर इतकी टवटवीत असते की मी सांगितलेल्या अडचणी त्याला अतिशयोक्ती वाटतात. तो येणार म्हटल्यावर आई खुलते, आणि माझ्या पोटात मात्र गोळा येतो. मग अशा आनंदाच्या वेळी राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटते. मी चुकते आहे का?

ताई, तुमचे काही चुकत नाही. राग येण्याजोगेच घडते आहे, आणि ते फक्त तुमच्याच घरात घडते असेही नाही. रुग्णालयांतील डॉक्टरांना या प्रसंगाचा इतका परिचय आहे की १९९१ साली अमेरिकेतील एका वृद्धवैद्यकविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याला ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असे नावच दिले गेले. जवळच्या माणसांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून काही ठरवलेले असते, आणि इतका काळ दूर असलेले अपत्य अचानक येऊन ते सारे मोडीत काढू पाहते, असा तो प्रसंग. यामागे दुष्टपणा क्वचितच असतो. इतकी वर्षे जे केले नाही ते चार दिवसांत करून टाकावे, अशी अपराधी मनाची ती धडपड असते, आणि समोर जे दिसते ते पूर्वीच्या चित्राशी जुळत नाही म्हणून ते कोणाच्या तरी निष्काळजीपणाने झाले असावे असे त्या मनाला वाटते.

मी हे दुसऱ्या बाजूने भोगले आहे, म्हणून सांगते. अकरा वर्षांनी घरी गेले तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी आईच्या औषधांचा डबा माझ्या मते नीट लावून दिला. प्रत्येक वेळेचा कप्पा, त्यावर स्पष्ट अक्षरांत नाव, सगळे देखणे होते. आईची जुनी पद्धत मला गचाळ वाटली होती, पण ती तिच्या हाताला पाठ होती, आणि कोणती गोळी कुठे आहे हे तिला न पाहता कळत असे. मी परत गेल्यावर दोन आठवडे तिच्या गोळ्यांचा गोंधळ होत राहिला, आणि माझ्या धाकट्या बहिणीने एके रात्री मला काही न बोलता तो डबा पुन्हा पहिल्यासारखा लावला. हे मला पुढे सहा वर्षांनी कळले. त्या सहा वर्षांत मी बहिणीला कितीदा तरी ‘डबा अजून तसाच आहे ना?’ असे विचारले असेन, आणि ती दर वेळी ‘हो’ म्हणाली. तिच्या त्या ‘हो’ची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

आईच्या टवटवीतपणाचे म्हणाल, तर तो खोटा नसतो. विस्मरणाच्या किंवा थकव्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातील माणसे आवडत्या पाहुण्यासमोर बळ एकवटून काही काळ सावरून वागतात, आणि पाहुणा गेल्यावर एकदम गळून जातात, हे काळजी घेणाऱ्या सर्वांना माहीत असते. भावाला हे शब्दांत सांगून पटणार नाही. त्याला आईचे पूर्ण दिवस मिळू द्या. तो पुढच्या वेळी येईल तेव्हा पहिल्या आठवड्यानंतरचे सलग पाच दिवस आणि पाच रात्री आईची सर्व जबाबदारी त्याच्यावर सोपवून तुम्ही दुसरीकडे राहायला जा. हे त्याला शिक्षा म्हणून सांगू नका. ‘मला विश्रांती हवी आहे आणि आईला तू हवा आहेस’ एवढेच सांगा, कारण या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचे शेवटचे सल्ले आणि आई कशाने घाबरते याची टिपणे लिहून ठेवा. डॉक्टरांची भेट त्याच दिवसांत येईल असे पाहा, म्हणजे मते थेट तिथे मांडली जातील आणि तुम्हांला निरोप्याचे काम करावे लागणार नाही. सहाव्या दिवशी तुमचे बोलणे फार वेगळ्या सुरात होईल.

त्यानंतर त्याच्याकडे वर्षभराचे एक ठरावीक काम मागा. बिले भरणे, विम्याचे अर्ज, डॉक्टरांच्या वेळा घेणे, जुनी कागदपत्रे लावणे ही कामे हजारो मैलांवरूनही करता येतात. पैसे पाठवणे हे त्या कामाच्या जागी धरू नका. पैसे लागतातच, परंतु एखाद्या गोष्टीची आठवण ठेवण्याचा भार दुसऱ्याने उचलला, तर तुमच्या डोक्यावरचा ताण खरोखर कमी होतो.

प्रश्न : नऊ वर्षांनी दोन लहान मुलांना घेऊन माहेरी जाणार आहे. आम्ही पूर्वेकडे जाणार असून वेळेत आठ तासांचा फरक आहे. पहिला आठवडा झोपेतच जाईल का? शिवाय मुले आजारी पडतील अशी धास्ती वाटते. मला स्वतःला काही होणार नाही, कारण मी तिथेच वाढले.

तुमचे शेवटचे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटते, म्हणून त्यापासून सुरुवात करते. ‘मी तिथलीच आहे’ या विश्वासाने जाणारे प्रवासी आरोग्याच्या दृष्टीने पर्यटकांपेक्षा अधिक धोक्यात असतात, हे प्रवासवैद्यकातील डॉक्टर वारंवार सांगतात. ही माणसे निघण्यापूर्वी सल्ला घेत नाहीत, अधिक दिवस राहतात आणि घरच्यांप्रमाणेच सर्वत्र वावरतात. तुमचे माहेर मलेरिया असलेल्या भागात असेल तर हे विशेष लक्षात घ्या, की तिथे वाढताना वारंवारच्या संसर्गातून शरीराला जे अर्धवट संरक्षण मिळालेले असते ते तो भाग सोडल्यावर हळूहळू ओसरते. नऊ वर्षांनंतर त्यावर विसंबता येणार नाही, आणि परदेशात जन्मलेल्या मुलांना तर ते कधी मिळालेलेच नसते. निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी तिघांनीही डॉक्टरांना भेटा, लसी आणि प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारा आणि गोळ्या सुरू केल्यास परतल्यानंतरही सांगितलेल्या दिवसापर्यंत त्या पूर्ण करा. परतल्यावर काही महिन्यांत कोणालाही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्या. नेहमीची औषधे हातातल्या सामानात ठेवा आणि सोबत डॉक्टरांचे पत्र घ्या, कारण एका देशात सहज मिळणाऱ्या काही औषधांवर दुसऱ्या देशात निर्बंध असतात. मुलांच्या पासपोर्टची मुदतही आजच पाहा, कारण अनेक देश प्रवेशासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असण्याची अट घालतात.

झोपेचे गणित असे आहे. माणसाच्या शरीरातील घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित लांब असते, त्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते आणि आखडणे कठीण जाते. पूर्वेकडे जाताना ते आखडावे लागते, आणि ते ढोबळमानाने दिवसाला एक तास या गतीने सरकते, म्हणजे आठ तासांसाठी आठवडा धरून चालावे. निघण्यापूर्वी तीन दिवस रोज एक तास लवकर झोपून लवकर उठलात, तर त्यातले थोडे आधीच उरकेल. पोहोचल्यावर सकाळच्या उन्हात फिरावे असा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु आठ तासांच्या फरकात तो पहिल्या एक-दोन दिवशी उलटा ठरू शकतो. तुमच्या शरीराची पहाट तेव्हा तिथल्या दुपारी होत असते, आणि त्याआधी डोळ्यांवर पडलेला प्रखर प्रकाश घड्याळ मागे ढकलतो. म्हणून सुरुवातीला सकाळी घरात राहा, दुपारनंतर बाहेर पडा आणि मग दर दिवशी थोडे अलीकडे या. मुलांना दुपारी अर्ध्या तासाहून अधिक झोपू देऊ नका. भेटायला येणाऱ्यांना पहिले चार दिवस संध्याकाळी उशिरा येऊ नका असे आईकडून कळवा, म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आमची भाषा समजते, पण ती उत्तर दुसऱ्या भाषेत देते. आजी-आजोबांसमोर तिची आणि माझी परीक्षा होणार असे वाटते. माझेही शब्द आता अडतात. तिला रोज धडे द्यावेत का?

धडे देऊ नका. भाषा समजणारे मूल हे अर्धी नव्हे, बरीचशी भाषा जाणणारे मूल असते. नेदरलँडमध्ये दत्तक गेलेल्या आणि कोरियन भाषा पूर्ण विसरलेल्या प्रौढांवर २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरियन ध्वनी उच्चारण्याचे प्रशिक्षण त्यांना दिले, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक चांगले शिकले, आणि यात वयाच्या सहाव्या महिन्यापूर्वी दत्तक गेलेल्यांचाही समावेश होता. बाळपणी केवळ कानांवर पडलेल्या भाषेचे जर इतके उरते, तर नऊ वर्षे ऐकलेल्या भाषेविषयी निराश होण्याचे कारण नाही. तिला बोलण्याची गरज भासली पाहिजे, आणि ती गरज तिच्याच वयाच्या मुलांसोबत खेळताना भासते. पहिल्याच दिवशी मोठ्यांसमोर उभे करून ‘बोलून दाखव’ असे तिला कोणीही म्हणू नये, ही विनंती आजी-आजोबांना फोनवर आधीच करा. आजीबरोबर तिला रोज एखादे हातांचे काम द्या, कारण कामात लागणारी वाक्ये लहान असतात आणि तीच तीच पुन्हा येतात.

तुमचे म्हणाल, तर मोठेपणी देश सोडलेल्या माणसांचे व्याकरण सहसा शाबूत राहते, शब्द मात्र वेळेवर जिभेवर येत नाहीत. काही दिवसांच्या सहवासात ते येऊ लागतात. तोवर अडलात तर समोरच्याला शब्द विचारा. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश झाला आहे. बहीण म्हणते की ती आता घरच्यांनाही कधी ओळखते, कधी नाही. मी सात वर्षे गेलेलो नाही. ती मला ओळखणार नसेल तर जाऊन काय करू, असा विचार मनात येतो आणि असा विचार आला याचेच वाईट वाटते.

जा. आणि लवकर जा.

पॉलीन बॉस या अमेरिकी कुटुंबचिकित्सकांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली. त्यात दोन प्रकार येतात. एकात माणूस समोर नसतो पण मनात सतत असतो, दुसऱ्यात माणूस समोर असतो पण मनाने दूर गेलेला असतो. बॉस यांचे वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेले होते आणि घराची ओढ त्यांना असे, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातलाच होता. तुमच्या पत्राचा विचार करताना मला जाणवले की तुमच्या आईने सात वर्षे पहिल्या प्रकारचा वियोग सोसला आहे आणि आता दुसऱ्या प्रकारचा वियोग तुमच्या वाट्याला येतो आहे. तुम्ही तिच्या मनात होता, समोर नव्हता. आता ती समोर असेल.

ती तुम्हांला कदाचित ओळखेल, पण मुलगा म्हणून नव्हे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ साली असे मांडले की स्मृती ढासळू लागते तेव्हा नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या अधिक काळ टिकतात. तिच्या मनात तुम्ही बारा वर्षांचे असू शकाल, आणि समोर उभा असलेला, केस पिकलेला माणूस तिला तिचा भाऊ किंवा वडीलही वाटू शकेल. तिला दुरुस्त करू नका. ‘मी कोण, ओळखलेस का?’ हा प्रश्न तर चुकूनही विचारू नका, कारण उत्तर येत नाही हे तिला कळते आणि ती घाबरते. स्वतःच नाव सांगा, समोरून आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन सांगा, आणि दर वेळी नव्याने सांगा. मग तुमच्या बारा वर्षांच्या वेळच्या गोष्टी तिच्याशी बोला.

आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमर झालेल्या रुग्णांना दुःखाचे व आनंदाचे चित्रपटांतील प्रसंग दाखवले. काय पाहिले हे रुग्ण लवकरच विसरले, परंतु त्यातून उमटलेली भावना त्यानंतरही बराच वेळ त्यांच्यात टिकून राहिली. तुमची भेट ती संध्याकाळपर्यंत विसरेल, पण त्या भेटीने आलेला निवांतपणा तिच्याजवळ राहू शकतो. तेव्हा एकाच दिवशी दिवसभर बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ जा, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळी या आजाराच्या माणसांची बेचैनी अनेकदा वाढते. बरोबर गर्दी नेऊ नका. ती लहानपणी तुम्हांला म्हणून दाखवायची असे एखादे गाणे आठवत असेल तर ते म्हणा, तिचा हात धरून बसा, आणि ती झोपली तर लगेच उठू नका.

निघायच्या दिवशी ‘आता मी परत जातो’ असा मोठा निरोप घेतला तर तिला तेवढ्यापुरते समजेल आणि तेवढ्यापुरते दुखेल. त्याऐवजी रोज निघताना जे म्हणता तेच म्हणा आणि बाहेर या. मग बहिणीजवळ बसा. त्या दिवशी तुम्हांला कोणाशी तरी बोलावे लागेल, आणि ती हे सात वर्षांपासून पाहते आहे.